लूम शेडच्या संगणकांवर ॲप-व्ही: प्रकल्पाच्या नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२५

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी झाली. पंढरपूरला गेलेले निम्मे लोक अजून परतले नाहीत, त्यामुळे ऑफिस शांत होतं आणि धाकट्या मालकांशी निवांत बोलता आलं. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबरला संपतो. आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या युनिटमध्ये ४६ संगणक आहेत, सगळे विंडोज ११ वर न्यायचे. यंत्रं बदलणं अवघड नाही. अवघड आहेत ती जुनी सॉफ्टवेअर.

सगळ्यात जास्त त्रासाची दोन. पहिलं शेडमधलं उत्पादन नोंदीचं: कोणत्या लूमवर कुठल्या पाळीत किती टॉवेल निघाले, किती पिक (आडवे धागे) झाले, लूम किती वेळ बंद होता. ज्याने लिहून दिलं त्याने कधीच धंदा सोडला. सेटअपची एकच सीडी आहे आणि ती मी कपाटात कुलूप लावून ठेवतो. दुसरं सूत गोडाऊनचं. दोघांना रिपोर्ट छापायला एकच जुना घटक लागतो, पण वेगवेगळ्या आवृत्तीचा. एक बसवलं की दुसऱ्याचा रिपोर्ट बंद पडतो. आजवर यावर उपाय म्हणून आपण दोन्ही एका संगणकावर ठेवतच नव्हतो.

मी मायक्रोसॉफ्टचं ॲप-व्ही (ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन) सुचवलं. यात सॉफ्टवेअर संगणकावर नेहमीसारखं बसत नाही. एका कोऱ्या यंत्रावर ते एकदाच बसवायचं, बसताना त्याने कुठे कुठे फायली टाकल्या, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) काय लिहिलं, हे सीक्वेन्सर नावाचा त्याचा प्रोग्राम टिपून घेतो आणि त्याचं एक पॅकेज बनवतो. पुढे प्रत्येक संगणकावर तेच पॅकेज आपल्यापुरत्या बंदिस्त जागेत चालतं. एकाचा घटक दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही.

मालकांनी एकच विचारलं, "पगाराच्या आकड्याला धक्का नाही ना लागणार?" विणकरांची मजुरी याच नोंदींवरून निघते. नाही लागणार, असं मी सांगितलं.

९ जुलै

लायसन्सचा हिशोब. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ॲप-व्हीचा क्लायंट, म्हणजे संगणकावर पॅकेज चालवणारा भाग, विंडोजमध्येच येतो, फक्त चालू करावा लागतो. पण तो एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्तीतच असतो, प्रोमध्ये नाही. आपली सगळी यंत्रं प्रो आहेत. ४६ च्या ४६ ना एंटरप्राइझ घेणं परवडणार नाही आणि गरजही नाही. जुनी सॉफ्टवेअर लागतात ती १८ यंत्रं, तेवढ्यांचाच प्रस्ताव दिला. मंजूर.

पॅकेजं वाटणारा ॲप-व्हीचा मॅनेजमेंट सर्व्हर उभा करायचा नाही असं ठरवलं. त्या सर्व्हरचा आधार एप्रिल २०२६ मध्ये संपतो. जेमतेम नऊ महिन्यांसाठी सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस सांभाळत बसण्यात अर्थ नाही. पॅकेज फाइल सर्व्हरवर ठेवायची आणि संगणक सुरू होताना ग्रुप पॉलिसीतल्या (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या नियमांतल्या) पॉवरशेल स्क्रिप्टने ते जोडून सर्वांसाठी पब्लिश करायचं. १८ यंत्रांना एवढं भरपूर आहे.

१४ जुलै, सोमवार

सीक्वेन्सरसाठी व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) बनवली. विंडोज ११, वर दुसरं काहीही नाही. डिफेंडर, अपडेट आणि सर्च इंडेक्सिंग बंद. कोऱ्या अवस्थेचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला, प्रत्येक पॅकेजनंतर मशीन तिथेच परत आणायची. बंद करायच्या सेवा सीक्वेन्सर स्वतःच दाखवतो, पण त्या आधीच बंद केलेल्या बऱ्या. नाहीतर मध्येच एखादं अपडेट येतं आणि त्याच्या फायलीही पॅकेजमध्ये शिरतात.

सूत गोडाऊनचं पॅकेज पहिल्या फटक्यात झालं. उत्पादन नोंदीचं तिसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला सेटअप संपल्यावर मी सॉफ्टवेअर एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा उघडताना ते काही घटक नोंदवतं, ते टिपले गेले नाहीत. दुसऱ्या खेपेला उघडलं, पण रिपोर्ट छापला नाही, आणि छपाईचा भाग तेवढा राहिला. तिसऱ्यांदा पाळीचा रिपोर्ट, लूमवार रिपोर्ट, महिन्याचा रिपोर्ट असं एकेक उघडून छापलं आणि मगच सीक्वेन्सरला "झालं" म्हटलं.

हे सॉफ्टवेअर आपल्याच फोल्डरमध्ये लिहितं. म्हणून आभासी फाइल सिस्टिममध्ये लिहिण्याची पूर्ण परवानगी देणाऱ्या पर्यायावर खूण केली. (या खुणेबद्दल पुढे ३० जुलैला लिहिलं आहे. ज्याला हे काम पुढे करायचं असेल त्याने ती नोंद आधी वाचावी.)

१७ जुलै

स्क्रिप्ट हाताने चालवली की पॅकेज येतं, संगणक सुरू होताना येत नाही. दीड दिवस गेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप-व्ही क्लायंटच्या ॲडमिन लॉगमध्ये प्रवेश नाकारल्याची नोंद सापडली. शेअरवर मी वापरणाऱ्यांच्या गटाला हक्क दिले होते, पण सुरू होतानाची स्क्रिप्ट कुणा माणसाच्या नावाने चालत नाही, ती संगणकाच्या खात्याने चालते. डोमेनमधल्या संगणकांना वाचायचा हक्क दिला, लगेच आलं.

२३ जुलै

डिझाइन रूम. जेकार्डचं (लूमवर नक्षी विणायचं) डिझाइन सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे लायसन्सच्या किल्लीवर, चालतं. डोंगलचा ड्रायव्हर पॅकेजमध्ये चालत नाही, ॲप-व्ही ड्रायव्हर आभासी करतच नाही. म्हणून ड्रायव्हर यंत्रावर नेहमीसारखा बसवला आणि फक्त सॉफ्टवेअरचं पॅकेज केलं. चाललं. तिथल्या अण्णांनी एक जुनं मोराचं डिझाइन उघडून, रंग बदलून, साठवून, परत उघडून पाहिलं आणि मग मान डोलावली. त्यांचं तपासणं माझ्यापेक्षा बरं आहे, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

निर्यात विभागात एक जुनं साधन जावा ६ वर अडलेलं आहे आणि दुसऱ्याला जावा ८ लागतं. दोन पॅकेजं केली, प्रत्येकात आपापली जावा. एकाच संगणकावर दोन्ही शेजारी शेजारी चालली. तिथल्या ताईंनी आजवर दोन संगणकांवर केलेलं काम पहिल्यांदाच एका टेबलावर केलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण विभागात गैरसमज दिसला. पॅकेजमध्ये घातली म्हणून जुनी जावा सुरक्षित झाली नाही. बंदिस्त जागा ही सॉफ्टवेअरांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून आहे, हल्ला अडवायला नाही. जुन्या जावाची भोकं तशीच आहेत. त्या यंत्राला फायरवॉलमधून फक्त लागणाऱ्या पत्त्यांपुरतंच बाहेर जाऊ दिलं आहे.

२८ जुलै, सोमवार

शेड १ मध्ये चाचणी सुरू. २४ लूम, तीन पाळ्या: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११. नवं यंत्र, आणि सोबत नवा नियम: आजवर तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर "शेड" या एकाच नावाने लॉगिन करायचे, आता ज्याचं त्याचं नाव. जुना डेटा पॅकेजसोबतच दिला आहे. सकाळच्या पाळीने ९ वाजता नोंदी केल्या, रिपोर्ट छापला. सगळं नीट.

३० जुलै, बुधवार

ही नोंद मोठी होणार. रात्रीचे साडेअकरा झालेत, अजून शेडच्या केबिनमध्येच आहे.

दुपारी साडेतीनला दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरांचा फोन. "सर, सकाळच्या नोंदीच दिसना झाल्यात की ओ. मला वाटलं पहिल्या पाळीवाल्यांनी भरल्याच नाहीत. सोमवारच्या पण नाहीत, कालच्या पण नाहीत." पहिल्या पाळीचे सुपरवायझर अजून गेटवरच होते. ते परत आले, आपल्या नावाने लॉगिन केलं, आणि त्यांना त्यांच्या सगळ्या नोंदी दिसल्या. मात्र दुपारच्या आणि रात्रीच्या दिसेनात.

माझ्याबरोबर काम करणारा मुलगा म्हणाला, पॅकेज बिघडलंय, दुरुस्तीची आज्ञा चालवतो. त्याने टाइपही केली होती, फक्त एंटर बाकी होता. मी हात धरला. ती आज्ञा वापरकर्त्याची अवस्था (त्या नावाने साठलेले बदल) पुसून पॅकेज मूळ रूपात आणते. आणि तोवर मला कळून चुकलं होतं की तीन दिवसांच्या नोंदी नेमक्या त्या अवस्थेतच आहेत.

झालं असं. हे सॉफ्टवेअर आपला डेटाबेस आपल्याच फोल्डरमध्ये, प्रोग्राम फाइल्सच्या आत ठेवतं. तो फोल्डर आता पॅकेजचा भाग आहे. पॅकेजमधल्या मूळ फायली ॲप-व्ही कधीच बदलू देत नाही. एखादी फाइल बदलायची वेळ आली की तिची एक प्रत त्या वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, ॲपडेटाच्या आत करतो, आणि पुढचं सगळं लिहिणं त्या प्रतीत होतं. मी १४ तारखेला जी खूण केली तिने हे लिहिणं शक्य झालं, म्हणून एररही आली नाही. तीन सुपरवायझर, तीन लॉगिन, तीन प्रोफाइल, तीन डेटाबेस. तिघेही मनापासून काम करत होते, आणि तिघे तीन वेगळ्या वह्यांत लिहीत होते.

एकच "शेड" लॉगिन राहिलं असतं तर हे कळलंच नसतं, आणि प्रोफाइल उडालं त्या दिवशी एकदम सगळं गेलं असतं. आणि मी चाचणी केली ती फक्त माझ्या एकाच नावाने. दोन नावांनी पाच मिनिटं पाहिलं असतं तर पुरे होतं. चूक माझी आहे. ती मी मालकांना फोन करून सांगितली, आणि तिघांनाही एकत्र उभं करून सांगितली, कारण तोवर पाळ्यांमध्ये एकमेकांवर शंका सुरू झाली होती.

चार वाजता तिन्ही प्रोफाइलमधले डेटाबेस पेनड्राइव्हवर आणि सर्व्हरवर अशा दोन ठिकाणी काढून ठेवले. मगच पुढचं काम. सोमवारच्या तीन, मंगळवारच्या तीन आणि आजची एक अशा सात पाळ्या, २४ लूम, म्हणजे १६८ नोंदी हव्यात. पहिल्या पाळीच्या प्रतीत ७२, दुसरीच्या ४८, तिसरीच्या ४६. एकूण १६६.

तिन्ही प्रती शनिवारच्या शेवटच्या नोंदीपासून पुढे गेल्या होत्या, त्यामुळे नोंदींचे अनुक्रमांक तिन्हींत तेच ते. सरळ एकत्र चिकटवलं तर एकावर एक बसले असते. तारीख, पाळी आणि लूम नंबर यांवरून लावून घेतलं, नवे क्रमांक दिले.

दोन नोंदी कमी होत्या त्या जॉबर मामांच्या (लूमची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींच्या) वहीत सापडल्या. मामांची ही वही कुणी सांगितलेली नाही. कुठला लूम कधी थांबला, ताणा तुटला की बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) संपला, हे ते वर्षानुवर्षं आपल्यासाठी लिहून ठेवतात. सोमवारी रात्रीच्या पाळीत ११ नंबरच्या आणि १७ नंबरच्या लूमवर बीम बदलत होते, सुपरवायझरही तिथेच हात देत होते आणि त्या दोन नोंदी भरायच्या राहिल्या. वहीतले आकडे लूमच्या मीटरशी ताडून भरले. मामांनी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, मी टाइप केला, मग मी वाचला आणि त्यांनी वहीवर बोट ठेवलं. १६८.

मग त्यांनी डबा उघडून शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुढे केली. "खावा आधी. आकडे कुठं जात न्हाईत आता."

३१ जुलै

जुना संगणक स्टोअरमधून परत आणून शेड १ त लावला, एकत्र केलेला डेटाबेस त्यावर चढवला. महिनाअखेर आहे, मजुरीचे आकडे आजच लेखा विभागाला गेले पाहिजेत. गेले. लेखा विभागातल्या ताईंनी शेड १ चे सगळे आकडे मामांच्या वहीशी पुन्हा ताडले, मी न सांगता.

५ ऑगस्ट

नवं पॅकेज बनवण्याआधी दोन दिवस तिन्ही पाळ्यांत बसलो. कागदावर जे कळत नाही ते इथे कळलं:

रात्रीची पाळी बाराच्या आधी आणि नंतर अशा दोन तारखांत नोंदी भरते. दुसरी पाळी बारकोडची चिठ्ठी छापते, ते मला माहीतच नव्हतं. त्या प्रिंटरचं नाव सॉफ्टवेअर एका आयएनआय फाइलमध्ये (सेटिंगांच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) लिहितं. पहिली पाळी महिन्यातून एकदा निर्यात फाइल काढते आणि ती त्याच फोल्डरमध्ये पडते. म्हणजे डेटाबेसखेरीज आणखी दोन गोष्टी तिथे लिहिल्या जातात.

डेटाचा पत्ता आयएनआय फाइलमधून बदलता येतो. कुणालाच ठाऊक नव्हतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडून ओळ न ओळ वाचली तेव्हा दिसलं.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखी पौर्णिमा. मार्कंडेयांचा रथोत्सव, विणकर पद्मशाली समाजाचा मोठा दिवस. पूर्व भागातले बहुतेक लूम बंद, आपलीही शेड बंद. लूमचा खडखडाट नसलेली शेड वर्षातून फार थोड्या वेळा पाहायला मिळते. कानाला चमत्कारिक वाटतं. बदल करायला हाच दिवस ठरवला होता.

केलं ते असं. डेटाबेस, निर्यात फाइल आणि चिठ्ठीच्या प्रिंटरची नोंद यांच्यासाठी डी ड्राइव्हवर एक साधा फोल्डर, पॅकेजच्या पूर्ण बाहेर. त्यावर सुपरवायझरांच्या गटाला लिहिण्याचा हक्क. सीक्वेन्सरमध्ये तो फोल्डर वगळण्याच्या यादीत टाकला, नाहीतर तोही पॅकेजमध्ये ओढला गेला असता. आयएनआयमधला पत्ता सीक्वेन्सिंग चालू असतानाच बदलला. पूर्ण लिहिण्याच्या परवानगीची ती खूण काढून टाकली. आता सॉफ्टवेअर चुकून आपल्या फोल्डरमध्ये लिहायला गेलंच तर एरर येईल, आणि एरर आलेली मला चालते.

फाइल सर्व्हरवर डेटा का नाही, असं मुलाने विचारलं. शेड आणि ऑफिस यांच्यातली केबल महिन्यातून एखादेवेळी दगा देते. नोंद थांबायला नको. डी ड्राइव्हवरून रात्री दोन वाजता सर्व्हरवर प्रत जाते.

एक शेवटची गोम होती. तिन्ही प्रोफाइलमध्ये जुन्या आयएनआयच्या प्रती शिल्लक होत्या, आणि वापरकर्त्याची प्रत पॅकेजच्या मूळ फाइलपेक्षा वरचढ ठरते. नवं पॅकेज देऊनही तिघे जुन्याच पत्त्यावर गेले असते. म्हणून, डेटा बाहेर सुखरूप आहे हे दोनदा पाहून, आज ती दुरुस्तीची आज्ञा तिन्ही नावांनी चालवली. ३० तारखेला जी चालवली असती तर नोंदी गेल्या असत्या, तीच.

तिन्ही सुपरवायझर सुट्टीच्या दिवशी आले. एकाने भरायचं, दुसऱ्याने लॉगिन करून पाहायचं, तिसऱ्याने दुरुस्त करायचं, पहिल्याने पुन्हा पाहायचं. तासभर हेच. मग ते रथाला गेले.

११ ऑगस्ट

शेड १ पुन्हा नव्या यंत्रावर. सात दिवस रोज रात्री वही आणि सॉफ्टवेअर ताडायचं ठरलं आहे.

१८ ऑगस्ट

सात दिवस, एकही फरक नाही. शेड २, ३, ४ ला मंजुरी.

२० ऑगस्ट

टाइम ऑफिसमधून तक्रार. तिथली नोटिसांची जुनी पत्रं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. मी तो फॉन्ट त्यांच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये घातला होता. हजेरीत मराठी नीट दिसतं, पण वर्डमध्ये पत्र उघडलं की सगळा अक्षरांचा चुरा. पॅकेजमधला फॉन्ट फक्त त्या पॅकेजला दिसतो, बाहेरच्या वर्डला दिसत नाही. बाहेरचा प्रोग्राम पॅकेजच्या आत चालवण्याची सोय रजिस्ट्रीतून करता येते, पण एका फॉन्टसाठी वर्डला आत कोंडणं मला पटलं नाही. फॉन्ट यंत्रावर साधा बसवला. नव्या नोटिसा युनिकोडमध्येच टाइप करायच्या, तसं पत्रक काढलं.

३ सप्टेंबर

शेड ३ मध्ये सकाळी सातला सॉफ्टवेअर उघडायला चार मिनिटं. ॲप-व्ही पॅकेज गरजेपुरतं खेचत उघडतं, पण पहिल्या वेळी बरंच यावं लागतं, आणि तिथला स्विच जुना आहे. स्क्रिप्टमध्ये माउंटची आज्ञा वाढवली, म्हणजे पूर्ण पॅकेज आधीच डिस्कवर उतरतं. पॅकेज ६४० एमबीचं, जागेचा प्रश्न नाही. आता केबल तुटली तरी उघडतं.

१८ सप्टेंबर

रिपोर्टच्या मथळ्यात छोटी दुरुस्ती करून पॅकेजची पुढची आवृत्ती दिली. तीन शेडमध्ये पोचली, शेड २ मध्ये नाही. सर्वांसाठी पब्लिश केलेलं पॅकेज वापरात असेल तर बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत थांबून राहतो, आणि शेड २ चं यंत्र पाळी बदलतानाही कुणी बंद करत नाही. रविवारी पहाटे आपोआप रीस्टार्ट लावला. त्याआधी तिथल्या मंडळींना विचारलं की त्या वेळी कोण काय करत असतं. पहाटे साडेपाचला चहाची सुट्टी असते. तीच वेळ दिली.

६ ऑक्टोबर

दसरा झाला. १८ पैकी १८ यंत्रं पॅकेजवर, उरलेली २८ साध्या विंडोज ११ वर. पुढच्या वर्षासाठी सूत गोडाऊनचं पॅकेज एमएसआयएक्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या नव्या पॅकेज प्रकारात) बदलून पाहिलं. चाललं, पण त्याला सहीचं प्रमाणपत्र लागतं, ते अजून घ्यायचं आहे. उत्पादन नोंदीचं सॉफ्टवेअर मात्र कितीही गुंडाळलं तरी जुनंच आहे. ते नव्याने लिहून घ्यावं, असा प्रस्ताव मालकांना दिला. त्यात तिन्ही पाळ्यांत बसून पाहिलेल्या सगळ्या गोष्टी जोडल्या आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटचा विंडोज १० चा संगणक दुपारी दोनला बंद केला. शेड १ चाच जुना, जो ३१ जुलैला परत आणावा लागला होता. त्याची डिस्क काढून लेबल लावून कपाटात सीडीशेजारी ठेवली.

जॉबर मामांची वही भरत आली आहे. स्टोअरमधून त्यांना दोनशे पानी नवी वही काढून दिली, आणि खर्च प्रकल्पाच्या खात्यात टाकला.